एवढासा खडा आणि दाराची अख्खी काच: खर्च नेमका कशाचा होतो?

ऑगस्टमधली गोष्ट. सोसायटीत गवत कापायचं चाललेलं, ते खांद्याला अडकवायचं दोरीवालं मशीन असतं ना, त्याने. आमची गाडी कंपाउंडच्या कडेला लावलेली. मशीनखालून एक खडा उडाला, पुढच्या डाव्या दाराच्या काचेवर टक् असा आवाज झाला, अख्खी काच पांढरी पडली आणि मग सळसळत खाली आली. माळीदादा मशीन बंद करून तिथंच उभे, "ताई, एवढासा खडा होता हो." त्यांनी बोटांच्या पेरात धरून दाखवलेला तो खडा खरंच हरभऱ्याच्या डाळीएवढा होता. माझ्या भाचीने तोपर्यंत सीटवरचा एक तुकडा उचललेला, म्हणाली मावशी बघ, खडीसाखर! तिच्या हातातून तो काढून घेताना बोट कापलंय का बघितलं, तर साधा ओरखडा सुद्धा नव्हता.

मग दुसऱ्या दिवशी फोनाफोनी. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने 4,600 सांगितले, वर "काच मशीन (काच वर-खाली करणारं यंत्र) खराब निघालं तर वेगळे". पुण्यातल्या नाना पेठेतल्या एका काचेच्या दुकानात सगळं धरून 2,900. आणि एका भंगारवाल्याकडे नुसती काच 900 ला, फिटिंग तुमचं तुम्ही बघा. गाडी तीच, दार तेच, काच तीच, आणि आकडे तीन! आपण अशा वेळी एक तर लुटतायत म्हणतो नाहीतर सगळ्यात स्वस्त ते धरतो. पण मला हे नीट समजून घ्यायचं होतं, आणि समजून घेताना लक्षात आलं की या काचेच्या किमतीतला मोठा भाग ती काच बनते कशी आणि फुटते कशी यावरच ठरलेला असतो.

गाडीत काचा दोन जातीच्या असतात. पुढची मोठी विंडशील्ड म्हणजे लॅमिनेटेड, दोन पातळ काचा आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पापुद्रा. ही कल्पना सुचली ती 1903 मध्ये, एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच माणसाच्या हातून एक काचेचं भांडं पडलं, तडे गेले पण तुकडे विखुरले नाहीत, कारण आत सेल्युलोज नायट्रेट वाळून त्याचा थर चिकटलेला होता. विंडशील्डला छोटा टवका उडाला तर त्यात रेझिन भरून ती वाचवता येते ती यामुळेच, तडा वरच्या एका काचेपुरता थांबतो. दाराची काच मात्र बहुतेक गाड्यांत टफन्ड असते, एकच जाड काच. तिला भेग, अर्धवट तडा असं काही नसतंच. एकतर ती धड असते नाहीतर नसते. म्हणून "रिपेअर करून द्या ना" हा पर्याय इथं पहिल्या मिनिटालाच संपतो आणि थेट नवीन काचेचा खर्च समोर येतो.

असं का, तर लोहार विळ्याला पाणी देतो ना, तापवून एकदम पाण्यात बुडवतो, तसंच काहीसं काचेचं, फक्त तिला पाण्याऐवजी हवा देतात. काच साधारण 620 ते 650 अंशांपर्यंत तापवायची, दाराला हवा तसा बाक द्यायचा आणि लगेच दोन्ही बाजूंनी शेकडो नळ्यांमधून गार हवेचे झोत मारायचे. वरची कातडी पटकन गार होऊन कडक होते, आतला भाग अजून गरमच असतो. मग तो सावकाश गार होतो, गार होताना त्याला आकसायचं असतं, पण वरची कातडी आधीच घट्ट झालेली असल्याने त्याला मनासारखं आकसता येत नाही. तो कातडीला आत खेचत राहतो. म्हणजे बाहेरचा थर कायमचा दाबाखाली आणि आतला गाभा कायमचा ताणाखाली, दोघांची रस्सीखेच बरोबरीत सुटलेली. हा दाब थोडाथोडका नाही, पूर्ण टफन्ड काचेत दर चौरस सेंटिमीटरला साधारण 700 किलोच्या वर असतो.

आता काच तुटते ती नेहमी ताणाने. कापडवाला बघा, कात्रीने जराशी चीर देतो आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो, पण तेच कापड दोन्ही बाजूंनी आत ढकललं तर चीर पुढे जाईल का? नाही जाणार. टफन्ड काचेची कातडी अशी दोन्ही बाजूंनी आत ढकललेली असते, त्यामुळे तिच्यावरचे बारीक ओरखडे उघडतच नाहीत आणि ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत होते. दार कितीही जोरात आपटा, कोपर टेकवून बसा, काही होत नाही. पण ही दाबातली कातडी जाडीच्या फक्त साधारण पाचव्या हिस्स्याएवढी असते, 4 मिलिमीटरच्या काचेत वरून 0.8 आणि आतून 0.8. खड्याचं टोक तेवढं पार करून गाभ्यात पोचलं की ती कात्रीची चीर झाली, आणि गाभा तर आधीच ताणलेला. भेग सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास वेगाने पळते, वाटेत फाटे फुटत जातात, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत अख्ख्या दाराची काच संपलेली असते.

म्हणजे काच फोडायला लागणारी बरीचशी ताकद खड्याने आणलीच नव्हती, ती कारखान्यातूनच काचेत भरून आलेली होती. मोठा चेंडू लागून काही होत नाही कारण त्याचा मार पसरतो, टोकदार खड्याचा मार सुईच्या टोकाएवढ्या जागेत बसतो. बसमधल्या इमर्जन्सी हातोडीला टोक असतं ते ह्याचसाठी, आणि ती काचेच्या मधोमध न मारता कोपऱ्याजवळ मारावी म्हणतात, कारण मधोमध काच थोडी लवून मार पचवते. या प्रकाराचं जुनं उदाहरण म्हणजे प्रिन्स रूपर्टचे थेंब, वितळलेली काच पाण्यात टाकून केलेले, डोक्यावर हातोडा मारला तरी टिकतात आणि शेपटी मोडली की भुगा होतात. 1661 मध्ये इंग्लंडच्या राजाने ते रॉयल सोसायटीकडे तपासायला दिलेले. आपल्या गाडीच्या दारात तोच थेंब सपाट करून बसवलाय म्हणा ना.

आणि तुकडे खडीसाखरेसारखे होणं हा तर मुद्दामच केलेला प्रकार आहे. युरोपातल्या आर 43 नियमात मोजून बघतात, फुटलेल्या काचेच्या कुठल्याही 5 बाय 5 सेंटिमीटरच्या चौकोनात किमान 40 तुकडे निघाले पाहिजेत. कमी निघाले म्हणजे तुकडे मोठे, म्हणजे सुरीसारखे. आपल्याकडे यासाठी आयएस 2553 या भारतीय मानकाचा दुसरा भाग आहे आणि काचेच्या कोपऱ्यात तो छापलेला असतो. भाचीचं बोट वाचलं ते अशा मोजणीमुळे, मला हे वाचताना अगदी आतून बरं वाटलं.

आता पैशांकडे. टफन्ड काच एकदा बनली की कापता येत नाही, घासून लहान करता येत नाही, भोकही पाडता येत नाही, हात लावला की भुगा. घराच्या खिडकीला कसं, काचवाला मोठ्या शीटमधून माप घेऊन कापून देतो, तसं इथं चालत नाही. आकार, बाक, कडा, खाली काच मशीनला अडकवायची भोकं, सगळं तापवायच्या आधीच करावं लागतं. म्हणजे प्रत्येक मॉडेलच्या प्रत्येक दाराची काच वेगळी बनवायची आणि डावी वेगळी, उजवी वेगळी, कुणीतरी ती बनवून गोडाऊनमध्ये ठेवलेली असली पाहिजे. गाडी लाखोंनी विकली गेलेली असेल तर तो साचा सतत चालू राहतो, मोठ्या गाड्यांच्या कंपन्या आणि काच बनवणारे दोघंही चाकणसारख्या ठिकाणी शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे काच स्वस्त आणि हातोहात मिळते. तेच कमी खपलेलं किंवा बंद पडलेलं मॉडेल असेल, बाहेरून आयात झालेली गाडी असेल, तर काचेत घातलेली वाळू आणि सोडा तेवढाच पण किंमत कितीतरी पट, शिवाय वाट बघणं वेगळं. अशा गाडीवाल्यांना नाना पेठ नाहीतर मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालावा लागतो, आणि तिथं मिळालेली जुनी ओरिजिनल काच वाईट असते असं अजिबात नाही, फक्त कडेला टवका आणि मधे उभे ओरखडे आहेत का ते उन्हात धरून बघायचं. कडेचा टवका सगळ्यात वाईट, काचेचा जीव कडेत असतो.

एक गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही ती म्हणजे छोटी काच मोठीपेक्षा महाग असू शकते. मागच्या दाराच्या टोकाला किंवा डिकीजवळ तिकोनी क्वार्टर काच असते ना, वर-खाली न होणारी, तिला बऱ्याचदा कारखान्यातच साच्यात घालून कडेने रबर ओतलेलं असतं, कधी तिच्यात अँटेनाची तार असते. आकार हाताएवढा, पण काम जास्त. तसंच काही महागड्या गाड्यांत आता पुढच्या दारांनाही आवाज अडवणारी लॅमिनेटेड काच येते, तिचा भाव वेगळाच. रंगाचंही बघावं, हिरवट झाक असलेली काच आणि साधी काच शेजारी शेजारी लगेच ओळखू येते. बाजूच्या काचेतून किमान 50 टक्के आणि पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के उजेड आरपार जायला हवा असा नियम आहे, आणि वरून काळी फिल्म लावायला सुप्रीम कोर्टाने 27 एप्रिल 2012 च्या निकालात बंदी घातली. म्हणून दुकानदार "गडद देतो, मस्त दिसते" म्हणाला तरी घेऊ नका.

पण माझ्या मते खरा फरक पडतो तो दाराच्या आत. फुटलेल्या काचेचा निम्मा माल तर दाराच्या पोटात गेलेला असतो. नाना पेठेत फिटिंग करणारे भाऊ काम करताना मी समोर उभी होते, त्यांनी आधी डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढला, त्याच्या दोन क्लिपा मोडल्या (नऊ वर्षांचं प्लास्टिक, मोडणारच), मग आत चिकटवलेला प्लास्टिकचा कागद हळूच सोडवला, आणि व्हॅक्यूम आत घातला तो वीस मिनिटं बाहेर काढलाच नाही. मी म्हटलं एवढं कशाला, तर म्हणाले, "ताई, हे राहिलं ना तर दार बंद करताना रोज खुळखुळा वाजेल आणि पावसाळ्यात दार सडेल." सडण्याचं कारण त्यांनी बोट घालून दाखवलं. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, काचेवरून आत उतरणारं पावसाचं पाणी तिथून निघून जातं, खडीसाखरेचे दाणे नेमके तिथं जाऊन बसतात. पाणी तुंबतं, आतून गंज चढतो, दोन वर्षांनी डेंटिंग-पेंटिंगचं बिल येतं आणि तोपर्यंत त्या खड्याची आठवणही राहिलेली नसते. तो प्लास्टिकचा कागद सुद्धा नीट परत चिकटवलाच पाहिजे, नाहीतर पाणी केबिनमध्ये येतं, आणि काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा सेन्सर दारातल्या हवेचा दाब मोजत असतो, तिथं तर तो कागद म्हणजे सेफ्टीचा भाग.

मग काच मशीन, म्हणजे रेग्युलेटर. त्याच्या तारेत, पट्टीत तुकडे अडकलेले असताना आपण "बघू तरी चालतंय का" म्हणून बटण दाबतो आणि मोटर किंवा तार जाते. काच फुटली की ते बटण दाबूच नका, हे मी अगदी कळकळीने सांगते, काचेच्या खर्चाच्या वर जाणारा खर्च तिथूनच सुरू होतो. काच ज्यात सरकते त्या रबराच्या चॅनेलमध्येही दाणे राहतात आणि नव्या काचेवर पहिल्याच दिवशी रेघ ओढतात. आमच्या बिलात काच 1,750, बाहेरची बीडिंग, म्हणजे काचेलगतची रबराची पट्टी, 350, क्लिपा 100 आणि फिटिंग-सफाई 700. भंगारवाल्याच्या 900 मध्ये यातलं काहीच नव्हतं, आणि सर्व्हिस सेंटरच्या 4,600 मध्ये हेच सगळं त्यांच्या लेबर रेटने होतं. विंडशील्डच्या मानाने हे काम सोपं, तिथं ती गोंदाने चिकटवतात, तो वाळावा लागतो, नव्या गाड्यांत काचेमागचा कॅमेरा परत कॅलिब्रेट करावा लागतो. दाराची काच बसली की लगेच गाडी घेऊन जा, फार तर ऑटो-अप (एकदा दाबलं की काच आपोआप वर) असेल तर बटण धरून सेटिंग परत करायचं.

इन्शुरन्सचं पण सांगते, कारण सगळे आधी तेच विचारतात. काचेला घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, लागत नाही, रबर-प्लास्टिकला 50 टक्के लागतो. पण 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये पहिले 1,000 आपले. म्हणजे 2,900 मधले जास्तीत जास्त 1,900 मिळाले असते. उलट आमचा नो क्लेम बोनस (एनसीबी, क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) यंदा 35 वरून 45 टक्क्यांवर जाणार होता, ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता 7,000 धरला तर 3,150 ची सूट, क्लेम केला असता तर ती शून्य. एनसीबी प्रोटेक्ट, म्हणजे क्लेम करूनही ही सूट टिकवणारं जादा कव्हर, घेतलेलं असेल तर हिशोब बदलतो, आमचं नव्हतं, म्हणून खिशातून दिले.

काच बसल्यावर संध्याकाळी भाचीला एक गंमत दाखवली. नवऱ्याचा पोलराइज्ड गॉगल तिच्या डोळ्यांवर धरला आणि गाडीच्या बाजूला जरा तिरकं उभं केलं, उन्हाकडे पाठ न करता. नव्या काचेवर ओळीने करडे ठिपके उमटले, चित्त्याच्या कातडीसारखे. जिथं जिथं गार हवेचा झोत पडला तिथं तिथं ताण थोडा वेगळा गोठलेला असतो, तो साध्या डोळ्यांना दिसत नाही पण या गॉगलमधून दिसतो. विंडशील्डवर शोधले तर तिथं एकही नव्हता. पोरीने मग दाराच्या काचेवरचे ठिपके बोट न लावता मोजायला घेतले, एकाहत्तरपर्यंत मोजले आणि ऊन उतरलं तसे ते पुसट होत गेले.