मोटर चालू, पाणी विहिरीतच

वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या वावरात रात्रीची लाइन आली की कधी कधी असा सवाल ऐकू येतो: "मोटर चालू हाय, मीटर फिरून राह्यलं, मंग पानी कुठी जाऊन राह्यलं?" विहिरीत बॅटरी मारली की उत्तर दिसतं. वर चढणारा पाइप मधेच फुटलेला असतो आणि उपसलेलं पाणी धो धो पुन्हा विहिरीतच पडत असतं. झाडाला थेंब नाही.

हृदयाला पंप जोडलेल्या काही रुग्णांच्या छातीत जवळपास हेच घडतं.

हृदयाचा डावा कप्पा पार थकला, औषधांना दाद देईना, तर त्याच्या टोकाशी 'एलव्हीएडी' नावाचा पंप बसवतात. हृदय काढत नाहीत. पंप डाव्या कप्प्यातून रक्त ओढतो आणि नळीवाटे थेट महाधमनीत, म्हणजे शरीरभर रक्त नेणाऱ्या मुख्य नळीत, सोडतो. 'हार्टमेट ३' या पंपातलं चक्र चुंबकाच्या जोरावर अधांतरी राहून मिनिटाला साधारण ५ ते ६ हजार फेरे घेतं. पोटातून बाहेर आलेली वायर कंट्रोलरला आणि बॅटऱ्यांना जोडलेली असते. बॅटऱ्यांची जोडी फार तर १७ तास चालते. आपल्याकडच्या लाइनचा भरवसा पाहता हा आकडा घरच्यांना पाठच असावा लागतो.

आता झडपेकडे येऊ. डाव्या कप्प्यातून महाधमनीत जाताना तीन पातळ पाकळ्यांची झडप लागते. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर ती दिवसात लाखाहून जास्त वेळा उघडते. पंप बसला की रक्ताला बाजूची वाट मिळते. कप्प्यात झडप ढकलण्याइतका दाबच तयार होत नाही, आणि ती कित्येक दिवस बंद राहू शकते. वरून महाधमनीचा दाब मात्र अखंड. पाकळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात, आखडतात, मधे फट पडते. त्या फटीतून रक्त कप्प्यात परततं, तिथून पंपात, पंपातून महाधमनीत, आणि पुन्हा फटीतून खाली.

एरवीच्या रुग्णात ही गळती हृदय सैल पडतं तेवढ्याच वेळात होते. पंपवाल्या रुग्णात हृदय आकुंचन पावतानाही महाधमनीतला दाब वरचढ असू शकतो, त्यामुळे गळती जवळजवळ थांबतच नाही. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे कंट्रोलरचा आकडा. मिनिटाला किती लिटर रक्त वाहतं ते तो दाखवतो, पण ते पंपातून गेलेलं रक्त. शरीराला पोचलेलं नव्हे. आकडा झकास, आणि माणसाला दोन पायऱ्या चढताना दम! वेग वाढवला तर पंप जास्त ओढतो खरा, पण महाधमनीचा दाबही चढतो आणि गळती वाढते.

गावाकडे "व्हॉल लीक हाय" म्हटलं की बहुधा लहानपणच्या संधिवाती तापाने खराब झालेली झडप असते. ते दुखणं वेगळं. इथे झडप बिघडते ती बसून राहून.

तपासणीही नेहमीची नाही. आशाताईंनी मनगट धरलं तर नाडी लागत नाही, डिजिटल बीपी मशीन 'एरर' दाखवतं, आणि समोरचा माणूस चहा पीत बसलेला. पंपाचा प्रवाह जवळपास सलग असतो म्हणून हे होतं. अशांचा दाब पट्टा बांधून डॉप्लरने, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या यंत्राने, मोजतात आणि सरासरी दाब साधारण ८५ ते ९०च्या आत ठेवायचा प्रयत्न करतात, कारण चढलेला दाब झडपेला आणखी रेटतो.

पंप बसवण्याआधीच झडप बऱ्यापैकी गळत असेल, तर त्याच ऑपरेशनमध्ये पाकळ्या मधोमध टाक्याने जोडतात किंवा प्राण्याच्या ऊतीपासून केलेली झडप बसवतात. धातूची टाळतात, ती न उघडता राहिली तर तिच्यावर गुठळी धरते. गळती नंतर उद्भवली तर जांघेतून नळी घालून नवी झडप नेता येते, पण या पाकळ्यांवर सहसा चुना (कॅल्शियम) साचलेला नसतो, त्यामुळे नव्या झडपेला पकड मिळत नाही, ती सरकू शकते. काहींना शेवटी हृदयरोपणाचीच वाट धरावी लागते.

म्हणून बरेच डॉक्टर झडपेला थोडं काम ठेवतात. रुग्णाला इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) टेबलावर निजवून पंपाचा वेग टप्प्याटप्प्याने बदलतात आणि मशीनचा पडदा बघत राहतात. दर ठोक्याला नाही, पण तिसऱ्या-चौथ्याला तरी पाकळ्या उघडताना दिसल्या आणि कप्पाही फुगलेला नसला, की तो वेग फाइलवर लिहून घेतात.