कोलारची सोन्याची खाण: सव्वाशे वर्षे खोल खोल जाताना

बंगळुरूच्या पूर्वेला बंगारपेठ जंक्शन लागते. तिथून रेल्वेचा एक लहानसा फाटा मारिकुप्पमपर्यंत जातो. १८९४ साली हा फाटा टाकला गेला तो सोन्याच्या खाणींसाठीच. कोलार गोल्ड फील्ड्स, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले केजीएफ, ते हेच. २००१ साली इथल्या खाणी बंद झाल्या. का, असे विचारले तर बहुतेकजण ‘सोने संपले’ म्हणून मोकळे होतात. मला हे उत्तर अपुरे वाटते. सोने उरले होते, पण ते फार खोल होते आणि विरळही झाले होते. तिथवर माणूस, हवा आणि आधाराचे दगड पोहोचवायचा खर्च वर निघेना. म्हणून कोलारचा इतिहास बघायचा तर खोलीच्या अंगाने बघावा.

इंग्रजांनी इथे सोने शोधले, असे सर्रास लिहिले जाते. टिपूच्या पाडावानंतर म्हैसूर संस्थानाच्या हद्दी आखायचे काम चालू होते. १८०२ साली त्या कामावर आलेल्या लेफ्टनंट जॉन वॉरेनच्या कानावर इथल्या सोन्याच्या गोष्टी आल्या. त्याने बक्षीस जाहीर केले. उरिगाम गावचे लोक बैलगाड्यांत माती भरून घेऊन आले आणि त्याच्यासमोर ती धुऊन त्यांनी सोन्याचे कण काढून दाखवले. म्हणजे शोध लागलेलाच होता, वॉरेनने तो कागदावर आणला. गावकऱ्यांच्याही कितीतरी आधी, शेकडो वर्षांपूर्वी, इथे खाणकाम झालेले होते. जुने खड्डे काही ठिकाणी दोनशे फुटांपर्यंत गेलेले होते. यंत्र नाही, सुरुंगाची दारू नाही, तरी ही माणसे कठीण खडकात इतकी खाली उतरली होती.

वॉरेनचा अहवाल पुढे जवळजवळ सत्तर वर्षे पडून राहिला. न्यूझीलंडमधल्या माओरींविरुद्धच्या लढाईतून परतून बंगळुरूच्या छावणीत राहिलेल्या मायकेल लॅव्हेल या आयरिश शिपायाने तो वाचला. म्हैसूर सरकारकडे खटपट करून १८७५ साली त्याने खाणकामाचा परवाना मिळवला. पैसा मात्र त्याच्याकडे नव्हता. दोनच वर्षांत हक्क मद्रासच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या गटाकडे गेले आणि १८८० पासून लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या पेढीने कारभार हाती घेतला. पहिली काही वर्षे पैसा ओतूनही हाती फारसे लागले नाही आणि भागधारक कंटाळले. अशा वेळी १८८३ साली कॅप्टन प्लमर या खाणकाम जाणकाराने जुन्या लोकांच्या खड्ड्यांवर भरवसा ठेवला. ते जिथे थांबले होते, त्याच्या खाली त्याने खणायला लावले आणि ‘चॅम्पियन’ नावाने प्रसिद्ध झालेली सोन्याची शीर सापडली. पुढच्या साऱ्या वैभवाची वाट त्या निनावी खाणकऱ्यांनी दाखवली होती. त्यांचा उल्लेख दोन ओळींत उरकला जातो, याचे मला फार वाईट वाटते.

चॅम्पियन शीर म्हणजे गारगोटीचा एक पातळ, लांबच लांब पट्टा, जवळजवळ उभा जमिनीत गेलेला. अशा शिरेमागे जायचे तर आडवे पसरून भागत नाही, खालीच उतरावे लागते. म्हैसूर, चॅम्पियन रीफ, उरिगाम आणि नंदीदुर्ग या चार मोठ्या खाणी या एकाच शिरेवर ओळीने उभ्या राहिल्या. वर आणलेला दगड पोलादी मुसळांखाली कुटायचा, त्याचे पीठ पाऱ्याच्या थरावरून वाहवायचे, पारा सोने धरून ठेवतो. उरलेल्या पिठात सायनाइडचे पाणी फिरवून राहिलेले सोने विरघळवून काढायचे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उत्पादन कळसाला पोहोचले. म्हैसूर दरबाराला स्वामित्वधन मिळे ते ५ टक्के. नफ्याचा मोठा वाटा लंडनला जाई.

कोळसा आणि लाकूड जाळून एवढी यंत्रे चालवणे महागात पडू लागले, तेव्हा कावेरीवरच्या शिवनसमुद्र धबधब्यावर वीजकेंद्र उभारले गेले. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळात आखलेली ही योजना. जून १९०२ मध्ये सुमारे ९२ मैलांच्या तारांवरून वीज खाणीत आली. त्या काळी जगातल्या सर्वांत लांब वीजवाहिन्यांत तिची गणना होई. बंगळुरू शहराला वीज मिळाली ती १९०५ साली. बंगळुरूच्या आधी खाणीला वीज, यावरून संस्थानाला या सोन्याची किती गरज होती ते कळते.

पण दगड कुटणारे यंत्र विजेवर चालले तरी खाली उतरणारा माणूसच होता. उत्तर अर्काट, सेलम या भागांतून आलेले तमिळ मजूर, बरेचसे दलित, आणि चित्तूरकडचे तेलुगू लोक. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचे खाणकरी आणि इटालियन लोक वरच्या कामांवर. साहेबांना बंगले, क्लब, गोल्फचे मैदान. मजुरांना बांबूच्या तट्ट्या आणि पत्र्यांच्या खोल्यांच्या रांगा, ज्यांना आजही ‘लाइन्स’ म्हणतात. पाळी संपवून वर आलेल्याची कसून झडती होई. सोने चोरीविरुद्धचा म्हैसूरचा कायदा इतका कडक होता, की सोन्याचा दगड जवळ सापडल्यास तो कुठून आला हे त्या माणसानेच सिद्ध करायचे. १९३० साली बोटांचे ठसे घेण्याची सक्ती झाली तेव्हा मजुरांनी मोठा संप केला. गुन्हेगारासारखे ठसे देणार नाही, हा त्यामागचा स्वाभिमान होता.

याच लाइन्समध्ये एक गोष्ट घडली, जी मराठी वाचकाला माहीत असायला हवी. तमिळ दलित विचारवंत अयोध्यादास पंडितर यांच्या प्रेरणेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांतच मारिकुप्पम आणि चॅम्पियन रीफ इथे दलित मजुरांच्या बौद्ध संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी विहार बांधले, शाळा चालवल्या आणि तमिळमध्ये पुस्तके छापली. नागपूरच्या १९५६ च्या धम्मदीक्षेच्या सुमारे पन्नास वर्षे आधीची ही हकीकत. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाचा इथे जोर होता आणि १९५४ साली ते स्वतः केजीएफला येऊन गेले. खाणीचा इतिहास सांगताना टनांचे आकडे येतात, हे मात्र गळून जाते.

खोली वाढत गेली तशी संकटे बदलली. १८९८ साली उरिगाम खाणीत दाबाखालच्या खडकाचा पहिला नोंदवलेला स्फोट झाला. आजूबाजूचा दगड काढून घेतल्यावर उरलेल्या खडकावर वरच्या साऱ्या डोंगराचा भार येतो आणि तो एका क्षणी तडकून फुटतो. असे स्फोट मग कोलारच्या पाचवीला पुजले. वर घरांच्या भिंती हादरत आणि खाली कोण होते या धास्तीने माणसे खाणीच्या तोंडाशी धावत. पोकळीत आधाराला आधी लाकूड होते. नंतर तासलेले ग्रॅनाइटचे चिरे वरून नेऊन खाली भिंती रचल्या गेल्या. चॅम्पियन रीफची खाण शेवटी ३ किलोमीटरहून खोल गेली, जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी एक. तळाशी खडकाचे तापमान ६० अंशांच्या पुढे. थंड केलेली हवा खाली सोडल्याशिवाय काम अशक्य. एका पाळण्यातून (खाणीतल्या लिफ्टमधून) उतरून दुसऱ्या पाळण्यात बसत, टप्प्याटप्प्याने माणसे कामाच्या जागी पोहोचत. शिवाय दगडाची धूळ. सिलिकोसिसने फुप्फुसे निकामी झालेले लोक इथे घरोघरी होते.

हीच खोली मुंबईच्या शास्त्रज्ञांना हवी होती. वरचा खडक अवकाशातून येणारे वैश्विक किरण अडवतो, त्यामुळे इतर कणांचा गोंगाट थांबतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून इथे प्रयोग सुरू केले. १९६५ साली जपान आणि इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांसोबत त्यांनी जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटरवर वातावरणातून येणारे न्यूट्रिनो, म्हणजे खडकातूनही आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, टिपल्याचे पहिल्यांदा जाहीर केले. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत त्याच वेळी असाच प्रयोग चालू होता. त्या गटाचा निष्कर्ष काही दिवसांनीच प्रसिद्ध झाला.

१९५६ साली म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ साली त्या केंद्राकडे गेल्या आणि १९७२ साली भारत गोल्ड माइन्स लिमिटेड ही सरकारी कंपनी झाली. केंद्राकडे गेल्यावर इथले सोने बाजारभावाने विकले जात नसे, ते आंतरराष्ट्रीय अधिकृत दराने सरकारजमा होई. हा दर देशातल्या भावापेक्षा बराच कमी. खाणीचा तोटा वर्षानुवर्षे दाखवला गेला, त्यातला किती या हिशेबामुळे होता हे मोजल्याखेरीज ‘पांढरा हत्ती’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. अर्थात खरी अडचणही होतीच. सुरुवातीला टनामागे ४० ग्रॅमच्या पुढे सोने मिळे, शेवटी ते ३ ग्रॅमच्या आसपास आले होते. १२० वर्षांत सुमारे ८०० टन सोने काढून फेब्रुवारी २००१ अखेर कोलार बंद झाले. देशात चालती मोठी सोन्याची खाण उरली ती रायचूर जिल्ह्यातली हट्टी.

मागे राहिले सायनाइडच्या पिठाचे डोंगर, १३ ढिगारे, ३ कोटी टनांहून अधिक. वारा सुटला की त्यांची धूळ वस्तीवर येते. खाणकऱ्यांची मुले-नातवंडे आता पहाटेच्या गाड्यांनी बंगळुरूला कामाला जातात. २०२४ साली कर्नाटक मंत्रिमंडळाने या ढिगाऱ्यांतून उरलेले सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला संमती दिली. ढिगारे पुन्हा उकरले जाताना धूळ कशी आवरणार आणि लाइन्समधल्या खोल्या राहणाऱ्यांच्या नावावर होणार का, हे दोन प्रश्न तिथले लोक विचारत आले आहेत. सोने किती निघेल याच्या आधी त्यांची लेखी उत्तरे मिळायला हवीत.