लाडका प्राणी गेल्यावर: आधार कसा मागावा, कुणाकडे मागावा

घरातलं जनावर गेलं की दुःख खरं असतं, पण ते सांगायची सोय नसते. "दुसरं आणा" म्हणून लोक विषय संपवतात. समाज ज्याची दखल घेत नाही अशा दुःखाची मांडणी केनेथ डोका या अभ्यासकाने 1989 मध्ये केली. प्राण्याचा वियोग त्यातच मोडतो. इथे आधार आपणहून चालत येत नाही. तो मागावा लागतो, आणि नेमका मागावा लागतो.

आधी त्या प्राण्याला ओळखणारं माणूस शोधा: त्याला फिरवणारा शेजारी, तुम्ही गावाला गेल्यावर सांभाळणारी मैत्रीण. "मला बरं वाटत नाहीये" एवढ्याने समोरच्याला काय करावं ते कळत नाही. असं लिहा: "मोती काल गेला. सल्ला नको, पण आज सातला माझ्याबरोबर अर्धा तास चालायला येशील?" वेळ मुद्दाम फिरायची निवडा. जेवणाच्या आणि फिरायच्या वेळा सगळ्यात जड जातात, कारण हात सवयीने पट्ट्याकडे जातो. रात्री फरशीवर नखांचा आवाज आल्याचा भास होणं अगदी सर्रास घडतं, घाबरू नका.

सगळ्यात जास्त पोखरते ती अपराधाची भावना. "आधी आणलं असतं तर?" यावर घरच्यांचं "तुझी काही चूक नाही" पुरत नाही, कारण त्यांना आजाराची माहिती नसते. आठ-पंधरा दिवसांनी, जरा सावरल्यावर, आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यात वेळ घ्या. प्रश्न कागदावर लिहून आणा; समोर बसल्यावर ते आठवत नाहीत. केस पेपर उघडून डॉक्टर तुमच्याबरोबर तारखेनुसार सगळं पाहतील. उदाहरणार्थ, मांजरीच्या जुनाट किडनीविकारात साधारण दोन तृतीयांश काम बंद पडेपर्यंत बाहेरून फारसं काही दिसत नाही. हे कळलं की "मला कसं दिसलं नाही" या प्रश्नाला उत्तर मिळतं. कुठे खरोखर उशीर झाला असेल तर तेही आम्ही सांगू. खोट्या दिलाशाने मन शांत होत नाही.

इंजेक्शन देऊन निरोप दिला असेल तर शेवटचे क्षण डोळ्यांसमोर येत राहतात. ते औषध म्हणजे भुलीच्या औषधाचा मोठा डोस. आधी शुद्ध जाते, मग श्वास आणि हृदय थांबतं. त्यानंतर स्नायू फडफडणं, एखादा खोल श्वास, डोळे उघडे राहणं, लघवी होणं या शरीराच्या आपोआप होणाऱ्या क्रिया आहेत. त्या वेळी त्याला वेदना नव्हत्या.

मुलांना "तो झोपलाय" सांगू नका. लहान मूल मग झोपायलाच घाबरतं. "त्याचं शरीर बंद पडलं, तो परत येणार नाही" हे साध्या शब्दांत सांगा आणि तोच प्रश्न दहादा आला तरी तेच उत्तर द्या.

घरात दुसरा प्राणी असेल तर तोही शोधाशोध करतो, कमी खातो. कुत्र्याचं जेवण-फिरणं ठरल्या वेळीच ठेवा. मांजरीने मात्र पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर लगेच फोन करा. उपाशी मांजरीच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं.

झोप, जेवण, काम आठवडे उलटूनही रुळावर येत नसेल तर समुपदेशकाकडे जा. वेळ घेण्याआधी फोनवरच विचारा: "प्राणी गेल्याच्या दुःखावर तुम्ही काम करता का?" उत्तरात थट्टेचा सूर लागला तर दुसरं नाव शोधा. जगणं नकोसं वाटू लागलं तर थांबू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि रुग्णालय गाठा.

नवा प्राणी कधी आणायचा याला मुदत नाही. पट्टा, भांडी, चादर पहिल्या आठवड्यात टाकून देऊ नका. नजरेआड पिशवीत ठेवा, नंतर ठरवा. उरलेली औषधं आमच्याकडे परत आणा, दुसऱ्या प्राण्याला देऊ नका. प्राणी घरी गेला असेल तर आम्हाला एक फोन करा, म्हणजे त्याच्या नावाने जाणारे लसीचे मेसेज आम्ही बंद करू.