मांडीच्या हाडात नदी कशी पोहोचते?

पावसाळ्याचे चार महिने वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर एक बातमी ठरलेली असते. ओढ्यात, बंधाऱ्यात किंवा विहिरीत मृतदेह सापडतो आणि ‘पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आहे’ या वाक्यावर बातमी संपते. पुढचा तपास चहाच्या टपरीवर होतो. ‘पोटात पाणी निघालं ना, मग बुडूनच गेला.’ ‘फुप्फुसात पाणीच नव्हतं म्हणे, म्हणजे मारून टाकलेला.’ हे दोन्ही निष्कर्ष इतक्या ठामपणे सांगितले जातात की ऐकणाऱ्याला शंकाही येत नाही. दोन्ही चुकीचे आहेत.

मृतदेह पाण्यात टाकला तरी पाणी तोंडावाटे, श्वासनलिकेतून हळूहळू आत उतरतं. डोह खोल असेल तर दाबामुळे आणखी आत जातं. उलट, गोड्या पाण्यात खरोखर बुडालेल्या माणसाच्या फुप्फुसात कधीकधी फारसं पाणी सापडत नाही. नदीचं पाणी रक्तापेक्षा कितीतरी कमी खारट असतं, त्यामुळे शाळेत शिकलेल्या परासरणाच्या नियमाने ते वायुकोशांतून, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांतून, भराभर रक्तात शोषलं जातं. हातापायांची कातडी सुरकुतून पांढरी पडते, तीही जिवंत आणि मेलेल्या दोघांचीही. उपयोगी खुणा वेगळ्या आहेत. नाकातोंडाशी आलेला बारीक, पांढरा, चिवट फेस ही एक. पाणी, हवा आणि श्लेष्मा श्वासाच्या धडपडीत घुसळले जाऊन तो तयार होतो, पण फुप्फुसात पाणी साठण्याच्या इतर आजारांतही तो दिसतो. दुसरी खूण म्हणजे मुठीत घट्ट आवळलेलं गवत किंवा शेवाळ. मेलेला हात काही पकडत नाही, म्हणून ही खूण फार मोलाची. पण ती क्वचितच मिळते. आणि आपल्या हवेत एकदोन दिवसांत शरीर कुजू लागलं की फेसही जातो आणि फुगलेल्या फुप्फुसांचं रूपही.

मग डॉक्टरांसमोर एकच प्रश्न उरतो: हा माणूस पाण्यात गेला तेव्हा जिवंत होता का?

याचं उत्तर शोधायला जी वनस्पती मदत करते, तिच्यावर माझं मनापासून प्रेम आहे. डायटम, मराठी विश्वकोशातल्या नावाने करंडक. एकाच पेशीचं शैवाल, पण भोवती सिलिकाचं म्हणजे जवळपास काचेचंच कवच. कवचाचे दोन भाग कुंकवाच्या करंड्यासारखे, झाकण खालच्या भागावर चपखल बसणारं. त्यावर सूक्ष्म छिद्रांच्या रांगा असतात आणि त्यांची मांडणी प्रत्येक जातीत निराळी. नाव्हिक्युला होडीसारखी, सायक्लोटेला गोल, निट्झशिया बारीक आणि लांबट. आकार काही मायक्रोमीटरपासून शेदोनशे मायक्रोमीटरपर्यंत (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). नदीतल्या दगडावर पाय घसरवणारा तपकिरी बुळबुळीत थर बहुतेक वेळा यांचाच असतो. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणातून जो ऑक्सिजन तयार होतो, त्यातला सुमारे पाचवा हिस्सा डायटम देतात.

आपल्याकडे यांचा अभ्यास जुना आहे. हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी यांनी 1950 च्या दशकात कोल्हापूर आणि पन्हाळगड परिसरातल्या डायटमवर शोधनिबंध लिहिले. आज पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत या विषयावर काम चालतं. कोणत्या पाण्यात कोणती जात राहते, याची ही नोंद नदीच्या अभ्यासकाला लागते तशी तपास अधिकाऱ्यालाही लागू शकते. समुद्राच्या जाती वेगळ्या, गोड्या पाण्याच्या वेगळ्या. निट्झशिया पालिया ही जात सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात मजेत वाढते.

आता मूळ प्रक्रियेकडे येऊ. बुडणारा माणूस शक्य तितका वेळ श्वास रोखून धरतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि एका मर्यादेनंतर मेंदूतलं श्वसनकेंद्र इच्छाशक्तीला जुमानत नाही. पाण्याखालीच जोराचा श्वास घेतला जातो. पाणी, आणि त्यातले डायटम, थेट वायुकोशांपर्यंत जातात. वायुकोश आणि रक्तकेशिका यांच्यातला पडदा अवघ्या अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास जाडीचा, म्हणजे डायटम त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा. तो त्यातून गाळून जाऊच शकत नाही. पण धडपडीच्या श्वासांमुळे आणि पाण्याच्या दाबाने वायुकोश ताणले जातात, त्यांच्या भिंती जागोजागी फाटतात आणि त्या चिरांतून लहान डायटम रक्तात शिरतात.

रक्तात शिरल्यावर त्यांचा मार्ग ठरलेला आहे. फुप्फुसशिरांतून हृदयाच्या डाव्या बाजूला, तिथून महाधमनीत आणि मग सगळ्या शरीरात. प्रौढ माणसात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि विश्रांतीच्या वेळीही हृदय मिनिटाला तेवढंच रक्त पुढे ढकलतं, म्हणजे एका मिनिटात पूर्ण फेरी. बुडण्याची प्रक्रिया बहुधा काही मिनिटं चालते. तेवढ्या अवधीत डायटम यकृतात, मूत्रपिंडात, मेंदूत आणि हाडांच्या मज्जेतही पोहोचतात. वाटेत केशिकांची चाळण आहे. त्यांचा व्यास आठेक मायक्रोमीटर, म्हणून मोठे, रुंद डायटम मागे अडकतात आणि लहान किंवा सुईसारखे अरुंद असतील तेच दूरवर जातात. त्यामुळे फुप्फुसात सापडणारे डायटम आणि मज्जेत सापडणारे डायटम आकाराने सारखे नसतात. मज्जेत शंभर मायक्रोमीटरचा रुंद डायटम दिसला, तर तो बाहेरून मिसळल्याचा संशय मी आधी घेईन.

हे सगळं चालतं ते धडधडणाऱ्या हृदयाच्या जोरावर. मृतदेह पाण्यात टाकला तर डायटम फुप्फुसापर्यंत पाण्याबरोबर जाऊ शकतात, पण पुढे ढकलणारा पंप बंद असतो. म्हणून नुसत्या फुप्फुसातल्या डायटमला फार किंमत नाही. महत्त्व मज्जेला. फुप्फुसांबाहेरच्या अवयवांत डायटम पोहोचतात हे इन्त्से या संशोधकाने 1942 मध्ये दाखवलं आणि पुढे मज्जेची तपासणी रूढ झाली. मांडीचं हाड जाड आणि चहूबाजूंनी बंद असतं. शरीर कुजलं तरी आतली मज्जा बराच काळ सुरक्षित राहते.

हृदयाचा विषय निघाला आहे म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बुडालेल्या माणसाला मिठात पुरून ठेवलं की मीठ पाणी शोषून घेतं आणि तो काही तासांत जिवंत होतो, असा निरोप वर्षानुवर्षं मोबाइलवर फिरतो आहे. 2022 मध्ये कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात बुडून गेलेल्या एका लहान मुलाचा देह असाच मिठाच्या ढिगात ठेवला गेला होता. मीठ थांबलेलं हृदय चालू करत नाही. ऑक्सिजन तुटला की चारपाच मिनिटांत मेंदूची कायमची हानी सुरू होते. त्या मिनिटांत तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं एवढंच माणूस वाचवू शकतं. डोहातल्या साती आसरा बळी घेतात, हा समजही असाच. दरवर्षी त्याच ठिकाणी माणसं बुडतात, कारण तिथला तळ अचानक खोल होतो आणि लोक दरवर्षी तिथेच उतरतात. देशात अलीकडच्या वर्षांत बुडून होणाऱ्या अपघाती मृत्यूंची सरकारी नोंद वर्षाला 35 हजारांच्या वर आहे. अशा धोक्याच्या जागी फलक आणि दोर लागतात.

प्रयोगशाळेतलं काम ऐकायला सोपं वाटतं. शवविच्छेदनात मांडीचं हाड किंवा उरोस्थी (छातीच्या मधोमध असलेलं हाड) राखून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पाठवतात. हाड बाहेरून स्वच्छ धुऊन मज्जा काढतात आणि तीव्र नायट्रिक आम्लात तापवतात. मांस, चरबी, रक्त सगळं विरघळतं, सिलिका मात्र नायट्रिक आम्लाला दाद देत नाही. उरलेला द्रव सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा, ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचा आणि तळाचा गाळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. सोबत घटनास्थळाच्या पाण्याचाही नमुना तसाच तपासायचा. दोन्हीकडे त्याच जाती, साधारण त्याच प्रमाणात सापडल्या तर निष्कर्षाला वजन येतं.

अडचण अशी की डायटम सगळीकडे आहेत. नळाच्या पाण्यात, धुळीत, मासे आणि शिंपल्यांत, नीट न धुतलेल्या काचेच्या भांड्यात. न बुडता मेलेल्या लोकांच्या अवयवांतही अधूनमधून एखाददुसरा डायटम मिळाला आहे. म्हणून काही युरोपीय प्रयोगशाळांनी किमान संख्या ठरवली. दहा ग्रॅम फुप्फुसापासून मिळालेल्या गाळाच्या 100 मायक्रोलिटरमध्ये किमान 20 डायटम आणि इतर अवयवांच्या तेवढ्याच गाळात किमान 5 अखंड डायटम असतील, तरच चाचणी सकारात्मक धरायची. ‘डायटम आढळले’ एवढंच लिहिलेला अहवाल मला अपुरा वाटतो. किती, कोणत्या जातीचे, अखंड की तुकडे, आणि कोऱ्या नमुन्यात (मज्जा न घालता तशीच तपासलेली नुसती रसायनं आणि भांडी) किती, हे त्यात असलंच पाहिजे.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात बुडून झालेल्या 771 मृत्यूंचा अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. गोड्या पाण्यात बुडालेल्यांपैकी सुमारे 28 टक्के जणांच्याच मज्जेत डायटम सापडले. म्हणजे चाचणी नकारात्मक आली म्हणून माणूस बुडाला नाही, असं म्हणता येत नाही. पाण्यात मुळातच डायटम कमी असू शकतात. पुराच्या गढूळ पाण्यात ऊन पोहोचत नाही, तेव्हा ते कमीच असतात. त्यामुळे पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत, मृतदेह सापडल्या दिवशीच आणि सापडल्या जागेवरूनच घ्यायला हवा. देह वाहत आला असण्याची शक्यता असेल, तर वरच्या अंगाचाही. पंधरा दिवसांनी पूर ओसरल्यावर भरलेली बाटली वेगळ्याच पाण्याची असते.

आणि हृदय लगेचच थांबलं तर? या प्रश्नाला इंग्लंडमधला एक जुना खटला जोडलेला आहे. जॉर्ज जोसेफ स्मिथ या माणसाच्या तीन बायका 1912 ते 1914 या काळात हर्न बे, ब्लॅकपूल आणि लंडन इथे न्हाणीघरातल्या टबात मेलेल्या सापडल्या. प्रत्येक वेळी स्थानिक चौकशीत खून ठरला नाही. लंडनच्या मृत्यूची बातमी वाचून ब्लॅकपूलच्या घरमालकाला जुनी घटना आठवली, तेव्हा पोलीस जागे झाले. शवविच्छेदनतज्ज्ञ बर्नार्ड स्पिल्सबरी यांनी पुरलेले देह बाहेर काढून तपासले. झटापटीच्या ठळक खुणा नव्हत्या. पहिल्या बाईच्या हातात मात्र मृत्यूनंतरही साबणाची वडी घट्ट होती, म्हणजे मृत्यू फार अचानक आला होता. पोलिसांनी पोहण्यात तरबेज अशा एका तरुणीला टबात बसवून प्रयोग केला. पाय एकदम वर खेचल्यावर डोकं पाण्याखाली गेलं आणि ती तत्काळ बेशुद्ध झाली. तिला शुद्धीवर आणायला डॉक्टरांना बरेच प्रयत्न करावे लागले. नाकाघशात अचानक घुसलेल्या पाण्यामुळे व्हेगस हा मेंदूतून हृदयाकडे जाणारा मज्जातंतू उद्दीपित होतो आणि हृदय जागीच थांबू शकतं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. अशा मृत्यूत रक्ताची फेरीच पूर्ण होत नाही, त्यामुळे टबात नदीचं पाणी भरलेलं असतं तरी मज्जेपर्यंत डायटम पोहोचण्याची शक्यता फार कमी.

स्मिथला दोषी ठरवलं ते देहांबाहेरच्या पुराव्याने: मृत्यूच्या थोडं आधी केलेली मृत्युपत्रं आणि विमे, वेगवेगळ्या नावांनी लावलेली लग्नं आणि तीनदा तंतोतंत घडलेला एकच प्रसंग. 13 ऑगस्ट 1915 रोजी त्याला मेडस्टोनच्या तुरुंगात फाशी झाली.