नॉर्मंडीचं गुपित शब्दकोड्यातून फुटलं नव्हतं

दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी जर्मनव्याप्त फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर चढाई केली; लंडनच्या 'डेली टेलिग्राफ' या वृत्तपत्राच्या शब्दकोड्यातून तिची खबर जर्मनांना आधीच दिली जात होती, ही गोष्ट अजूनही फिरते. ती खरी नाही. शब्द मात्र खरोखर आले होते: मे 1944 मध्ये यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी, 1 जूनला नेपच्यून. सगळी मोहिमेतली सांकेतिक नावं, आणि चढाई 6 जूनला!

पण कोड्यात उत्तरासाठी दिलेल्या सूचना वाचा. मलबेरीसाठी होती, साधारण अशी: 'बालवाडीतल्या क्रांतीच्या केंद्रस्थानी असलेलं झुडूप'. इंग्रजीत 'रिव्होल्यूशन' म्हणजे क्रांती, तशीच गोल फेरीही. मलबेरीच्या, म्हणजे तुतीच्या, झुडपाभोवती फेर धरून इंग्रज मुलं गाणं म्हणतात, म्हणून ते उत्तर. सोडवणारा चकावा, यासाठी केलेली ही सुंदर शब्दफिरवणी आहे. त्यात ना किनारा, ना तारीख. शत्रूला यातून काय कळणार?

कोडी रचणारे मुख्याध्यापक लेनर्ड डॉव यांची एमआय5 या ब्रिटिश गुप्तचर संस्थेने कसून चौकशी केली आणि त्यांना सोडून दिलं. पुढे 1984 मध्ये त्यांचे माजी विद्यार्थी रोनाल्ड फ्रेंच यांनी सांगितलं, की सर रिकाम्या चौकटी मुलांकडून भरून घेत आणि हे शब्द आपण जवळच्या छावणीतल्या सैनिकांकडून ऐकले होते. मला हेच पटतं. नावं सैनिकांच्या तोंडी होती. लपवायची होती ती जागा आणि वेळ.