घरट्याचा पत्ता आणि पाणथळीचा पत्ता

जून उजाडला, पनवेलच्या बाजूला पहिला जोराचा पाऊस झाला, की ठाणे-नवी मुंबईतल्या पक्षिवेड्यांच्या व्हॉट्सॲप गटांत पावसाळ्यात इथे घरटे करायला येणाऱ्या एका इवल्या पक्ष्याविषयी एकच प्रश्न फिरू लागतो : तिबोटी खंड्या आला का? पाठोपाठ दुसरा येतो : कुठे? पहिल्याचे उत्तर सगळे आनंदाने देतात. दुसऱ्यावरून गट फुटलेले आहेत.

जुना काळ थोडक्यात सांगून होतो. पनवेलजवळचे कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य 1968 सालचे. तेव्हापासून पुढची तीसेक वर्षे नोंदी वहीत राहिल्या. फिल्मच्या रोलवर 36 फोटो निघत, ते धुऊन येईपर्यंत पक्षी परतीच्या वाटेला लागलेला असे. घरट्याची जागा कळे ती सोबत पायी फिरणाऱ्या चार-दोन जणांना. 1990च्या दशकात ठाणे खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मोठ्या संख्येने उतरू लागले, ती बातमीसुद्धा आधी तोंडोतोंडीच पसरली.

चित्र पालटले ते कॅमेऱ्यामुळे. हजार डॉलरच्या आतला पहिला डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा, 2003 मध्ये बाजारात आला, आणि काही वर्षांत आपल्याकडेही हौशी माणसाच्या हाती डिजिटल कॅमेरा दिसू लागला. 2015 मध्ये 83 पट झूमचा एक कॅमेरा निघाला. जड लेन्स न घेता, बांधावर उभे राहून चिखलातला दूरचा पाणटिवळा पक्षी टिपता येऊ लागला. फोटो टाकायचा आणि खाली लिहायचे, 'आयडी प्लीज'. तासाभरात कुणीतरी जाणता सांगायचा, हा चिखल्या नव्हे, तुतवार आहे, चोच बघा. या भागातली एक पूर्ण पिढी पक्षी ओळखायला अशी शिकली. हे ऋण फार मोठे आहे आणि पुढच्या वादात ते विसरले जाते, म्हणून आधीच नोंदवून ठेवतो.

फोटोबरोबर भरतीच्या वेळाही वाटल्या जाऊ लागल्या. खाडीतला चिखल भरतीने बुडाला की रोहित आणि किनारपक्षी नेरूळ-सीवूड्सच्या तलावांत विसाव्याला येतात. कोळीवाड्यांतला हिशेब जुनाच आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा, बारसेला नऊ. नवख्याला पक्ष्याच्या नावाआधी हे गणित शिकवणारे लोक गटांत होते.

आता मूळ भांडणाकडे. 'लोकेशन' हा एकच शब्द आपण पाच गोष्टींसाठी वापरतो : जिल्हा, जंगल, तलाव, पायवाट, आणि नकाशावरची नेमकी खूण. कुणी 'लोकेशन टाकू नका' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात यांतले शेवटचे असते. ऐकणाऱ्याला वाटते, मला कर्नाळ्याचे नावसुद्धा घेऊ देत नाहीत. निम्मा वाद एवढ्यानेच पेटतो.

उरलेला निम्मा मात्र खरा आहे. तिबोटी खंड्या चिमणीएवढा. ओढ्याकाठच्या किंवा रस्त्याच्या कडेच्या मातीच्या दरडीत बीळ खोदून तो घरटे करतो आणि नर-मादी दोघे मिळून पिल्लांना भरवतात. सगळ्यांना हवा असलेला फोटो ठरलेला आहे : चोचीत पाल किंवा खेकडा, पक्षी फांदीवर, मागे हिरवी धूसर पार्श्वभूमी. तो बिळासमोरच मिळतो. मग दरडीपुढचे गवत मोडले जाते, हवी तशी फांदी रोवली जाते, चार-पाच जण रेनकोट घालून बसून राहतात. पक्षी भक्ष्य घेऊन येतो, माणसे पाहून आत जात नाही, घिरट्या घालतो. आत पिल्ले उपाशी. आणि गवत मोडल्यामुळे बीळ सापाला, घोरपडीला उघडे पडते. एकाने टाकलेली खूण पुढच्या रविवारी दहा गाड्या घेऊन येते, हे गणित कुणाला नव्याने समजावून सांगायची गरज नाही.

कायदा याबाबतीत बराच पुढे होता, ही गोष्ट हौशी लोकांच्या लक्षात उशिरा आली. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकारी'ची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणेही येते. म्हणजे हातात बंदूक असायलाच हवी असे नाही.

गटागटांनी मग नियम केले : घरट्याचे फोटो नकोत, घुबडांच्या विसाव्याची झाडे सांगायची नाहीत, रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही. पक्षिनोंदींसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ई-बर्डनेही 2017 मध्ये काही संवेदनशील जातींची नेमकी जागा सर्वांना दाखवणे थांबवले. नोंद राहते, पण नकाशावर साधारण 20 किलोमीटरच्या चौकटीतच दिसते. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे होते की यातून ज्येष्ठांची मक्तेदारी तयार होते. ओळखीच्यांना खाजगीत खूण मिळते आणि नवखा बाहेर राहतो. आक्षेप खोटा नाही, असे घडलेले आहे. तरीही बिळातल्या पिल्लांचा प्रश्न त्याने सुटत नाही, आणि माझे मत नियमाच्या बाजूचे आहे. शिवाय गप्प राहूनही पत्ता फुटतो : मोबाइलवरचा मूळ फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला, तर त्याच्या पोटातले अक्षांश-रेखांश तसेच पुढे जातात. साधा फोटो म्हणून पाठवला तर ते गळून पडतात.

पण हाच नियम जसाच्या तसा उचलून खाडीला लावला, ती चूक होती. नवी मुंबईच्या पाणथळींना गुप्ततेने संरक्षण मिळत नाही. कागदावर जागा पडीक ठरते, भरतीच्या पाण्याच्या वाटा बुजतात, तळ सुकतो, आणि मग सांगितले जाते की इथे पक्षी येतच नाहीत. त्याला उत्तर म्हणून तारीख, वेळ, जागा असलेल्या नोंदीच लागतात. 2015 मध्ये खाडीचा सुमारे 17 चौरस किलोमीटरचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत, 6521 हेक्टर आले. नेरूळ-सीवूड्सचे तलाव अभयारण्याच्या रेषेबाहेर राहिले, पक्षी मात्र भरतीगणिक ती रेषा ओलांडत राहिले. तिथल्या गोल्फ कोर्स आणि निवासी प्रकल्पाची परवानगी उच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केली, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. 2024च्या उन्हाळ्यात नेरूळच्या शाळेमागच्या तलावाचे पाणी अडले आणि तळ कोरडा पडला, तेव्हा जागेच्या नावासकट फिरलेल्या फोटोंमुळेच ते शहराला दिसले.

त्यामुळे आता एकाच माणसाच्या नोंदी दोन तऱ्हांच्या असतात. पावसाळ्यातला खंड्या पिल्ले उडून गेल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास टाकला जातो, खाली फक्त 'रायगड जिल्हा'. तलावावरचे रोहित त्याच दिवशी, भरतीच्या तासासह. पूर्वी अशा फोटोंतून मागचे टॉवर कापून टाकायची पद्धत होती. आता ते मुद्दाम ठेवतात, कोणत्या तलावाचा फोटो आहे ते ओळखू यावे म्हणून.