हरिहरला येताय? आधी उतरण्याचं वाचा

हरिहर गडाच्या ट्रेकसाठी फोन करणारे बहुतेक जण विचारतात, "मला चढता येईल ना?" चढाल हो. हरिहरवर अडतं ते उतरताना, आणि ते कुणी विचारत नाही. म्हणून हे पत्रक.

आपण पहाटे ५ वाजता नाशिकहून निघतो, त्र्यंबकेश्वर ओलांडून निरगुडपाड्याला गाडी लावतो. तिथून झाडीतून चढ, मग उघडी सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत आलेली धार. पायऱ्यांखालच्या सपाटीवर लिंबू सरबत मिळतं. तिथे दम खा, कारण समोर कातळात कोरलेला जिना थेट उभा राहतो.

प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंना खोबण्या आहेत. बोटं आत घट्ट बसली की मगच पाय उचला. जिना संपला की दरवाजा. त्यापुढे कातळाच्या पोटातून वाकून जायचं, इथे उंच सॅक हमखास वर घासते. पुन्हा पायऱ्या, आणि मग एकदम मोकळा माथा. मारुती, महादेव, तळं, दगडी कोठार. हवा स्वच्छ असेल तर ब्रह्मगिरी, बसगड आणि वैतरणेचं पाणी दिसतं. १८१८ साली इंग्रजांनी हा गड घेतला. गडांच्या वाटा सुरुंग लावून फोडायची त्यांची रीत, पण हा जिना वाचला. आपलं नशीब.

आता उतरण्याचं. शिडी उतरतो तसं तोंड कातळाकडे ठेवून उतरायचं. आमच्या एक काकू लाजेपोटी पाठ कातळाला लावून, बसत बसत उतरायला गेल्या. सॅक मागच्या पायरीवर टेकली आणि सॅकनेच त्यांना पुढे ढकललं. आमचा मुलगा दोन पायऱ्या खालीच होता, म्हणून खरचटण्यावर भागलं. तेव्हापासून उतरताना आमची दोन माणसं खाली असतात. जिना जेमतेम एका माणसाचा. वरचे-खालचे समोरासमोर आले की मधल्यामध्ये लटकावं लागतं. रविवारी गर्दी असते, दरवाजात थांबवलं तर कुरकुर नको. शक्यतो मधल्या वारी या.

पायऱ्या मधोमध झिजल्यात, त्यात पावसाचा चिखल साचतो. जोराची सर आली तर आम्ही सपाटीवरूनच परत फिरतो. "पैसे भरलेत, वर न्याच" हे चालणार नाही. गाडीभाडं कापून बाकी रक्कम परत देतो.

बूट खाचदार तळव्याचे हवेत. गुळगुळीत झालेले घरीच ठेवा. पाणी तीन लिटर. हातात पिशवी नको, माकडं ती ओढतात आणि दोन्ही हात तर खोबणीत हवेत. उंचीची भीती, चक्कर, बीपी असेल तर आधी सांगा. लपवू नका, आम्ही हसत नाही.

जेवण पाड्यावरच्या एका घरी: नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा. भाकऱ्या माणसं मोजून थापतात, तेव्हा येणं रद्द करायचं झालं तर आदल्या रात्री ८ च्या आत कळवा.